न ओरडणारा रानदांडगा

व्हर्न स्कोग्लंडचा मला पहिल्याच दिवशी संशय आला. त्याबद्दल मी इथे नाक घासणार नाही, जे घासायचं ते पुढे आहेच. सहा फूट चार इंचांचा माणूस, खांदे गोठ्याच्या दाराएवढे, पायांत दुधाच्या टँकरवाल्यांचे जड बूट. आमच्या वाचनालयाच्या तळघराचा जिना अकरा पायऱ्यांचा, जुना, लाकडी. त्यावरून मांजर उतरलं तरी करकरतो. आणि हा माणूस त्याच जिन्याने खाली आला, माझ्या पाठीशी उभा राहिला, घसा खाकरला, तेव्हा कुठे मला कळलं. गरम कॉफी सगळी माझ्या मांडीवर.

"अरे बाबा, दार वाजवायची पद्धत नाही का तुमच्याकडे?" मी ओरडलोच.

"उघडं होतं," तो म्हणाला. तेही इतक्या हळू, की मला वाटलं आणखी कुणीतरी बोललं.

मी रोली झास्ट्रो. तालुक्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी एकतीस वर्षं चालवली. त्या गाडीचा असा दणदणाट असायचा, की मी येतोय हे लोकांना मैलभर आधी कळायचं. माणसाने असंच यावं असं माझं मत आहे. जो न वाजता येतो त्याला काहीतरी लपवायचं असतं.

दर शनिवारी दुपारी आम्ही त्या तळघरात फाशांचा खेळ खेळतो. खेळ साधा आहे: प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, त्या सोंगाचा कागद लिहायचा, आणि मिळून एका न पाहिलेल्या मुलखात भटकायचं. मुलूख, राक्षस, हवापाणी सगळं खेळ चालवणारी सांगते. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. खेळ चालवतात आर्लिसबाई. वय एकोणऐंशी, चाळीस वर्षं त्याच वाचनालयात होत्या, अर्ध्या गावाला त्यांनी कधी ना कधी 'शूऽऽ' केलेलं आहे. तिसरी ज्यूनेल, शाळेची बस चालवते, खेळात जादूगारीण असते आणि खेळाबाहेर माझी टिंगल करते. मी बुटका पाद्री. हॉब त्याचं नाव. हॉब तेरा वर्षांचा आहे, म्हणजे तेरा वर्षं मी तो जिवंत ठेवलाय.

जिवंत ठेवलाय असं मुद्दाम म्हणतोय. हॉबच्या आधी माझा एक शिलेदार होता, नऊ वर्षं जपलेला. आमच्या टेबलावर तेव्हा डार्विन क्लुग म्हणून एकजण बसायचा. हसतमुख, सगळ्यांना बिअर आणणारा. तो बाईंना घडी घातलेल्या चिठ्ठ्या द्यायचा. खेळात ते चालतं; बाकीच्यांना कळू नये असं काही करायचं असेल तर चिठ्ठी लिहून द्यायची. आम्हाला वाटायचं, करत असेल काहीबाही. एका शनिवारी बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, रोली, तुझा शिलेदार सकाळी उठत नाही. क्लुगने त्याचा गळा झोपेत कापला होता. चिठ्ठीवर. नऊ वर्षं, आणि मला फासा टाकायलाही मिळाला नाही! लोक म्हणतात, अहो खेळच तो. म्हणू देत.

तेव्हापासून टेबलाचे नियम मी लिहायला लावले. नव्या माणसाने अख्खा हिवाळा घडीच्या पत्र्याच्या खुर्चीवर बसायचं. आमच्या तळ्यावर दर हिवाळ्यात बर्फावर एक रिकामं पिंप ठेवतात आणि ते कधी बुडेल यावर अख्खं गाव अंदाज लावतं. ते पिंप बुडलं, की त्यानंतरच्या शनिवारी खेळाआधी कॉफीच्या डब्यात आम्ही तिघांनी एकेक फासा टाकायचा. हवा असेल तर पांढरा, नको असेल तर काळा, आणि खेळ संपल्यावर डबा उलटा करायचा. तिन्ही पांढरे निघाले, तर नव्या माणसाला पाठीवर नाव रंगवलेली लाकडी खुर्ची. एक जरी काळा निघाला, तर तो टाकणारा जोवर आपल्या खुर्चीवर बसतोय तोवर नव्याला या टेबलावर जागा नाही. आणि डब्यात पडलेला फासा काही झालं तरी परत काढायचा नाही. ही शेवटची ओळ माझी. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "रोली, हे जरा कडक होतंय." मी म्हणालो, कडकच पाहिजे.

तर व्हर्न त्या पत्र्याच्या खुर्चीवर बसला. ती खुर्ची उघडताना लग्नातल्या बँडसारखी वाजते. त्याने उघडली, बसला, आणि मला काही ऐकू आलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

"कुठलं सोंग घेणार?" ज्यूनेलने विचारलं.

"रानदांडगा," तो म्हणाला.

मला जरा बरं वाटलं. रानदांडगा म्हणजे सरळ काम. डोंगरातला माणूस, हातात कुऱ्हाड, डोकं फिरलं की पिसाळतो, गर्जना करतो, आणि पिसाळलेला असेतो त्याला अर्धाच मार लागतो. पूर्वी एकजण असला रानदांडगा घेऊन बसायचा, तो टेबलावर मुठी आपटून आपटून माझ्या पाद्र्याची लाकडी बाहुली पाडायचा. दणदणीत. अशा माणसाचा संशय येत नाही.

मग व्हर्नने फासे टाकले. आकडे पडले झकास. सगळ्यात मोठा आकडा रानदांडग्याच्या ताकदीत जातो, हे शेंबडं पोरही सांगेल. व्हर्नने तो चपळाईत लिहिला. दुसरा चिवटपणात. ताकदीला तिसरा.

"अहो, चुकलं तुमचं," मी म्हणालो. "ताकद वर."

"ताकद आहे की," तो म्हणाला. "वापरायची किती, एवढंच."

"आणि चिलखत?"

"नको. वाजतं."

बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. रानदांडग्याला चिलखताची गरज नसते, त्याची कातडीच चिवट असते, असं त्यात आहेच. म्हणजे नियमात बसत होतं. मला तेच खुपलं. नियमात बसवून काहीतरी करणारा माणूस मी पाहिलेला होता. एखादं जास्तीचं कसब घ्यायचं असतं तिथे त्याने लिहिलं: चोरपावलं.

"चोरपावलांचा रानदांडगा!" ज्यूनेल खिदळली. "अरे, हे म्हणजे आमच्या रोलीने कुजबुजण्यासारखं झालं."

बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारतात. "हा तुझा रानदांडगा, ग्रोम नाव लिहिलंयस ना, तो या आधी काय करत होता?"

व्हर्नने पेन्सिल जरा वेळ हातात धरली. "घरी होता," तो म्हणाला.

घरी होता! रानदांडगा! सैन्यात होता म्हणा, तुरुंगात होता म्हणा, लांडग्यांत वाढला म्हणा. मी ज्यूनेलकडे पाहिलं, ती चीजचे गोळे खाण्यात गुंग. व्हर्ननेच आणले होते, डेअरीतून त्याच सकाळचे. ताजे गोळे दाताखाली कुचकुचतात, तोच तर त्यांचा ताजेपणा. ज्यूनेलचे कुचकुचत होते, माझे कुचकुचत होते. व्हर्नच्या तोंडातून आवाज नाही. आता बोला!

तो हिवाळा तसाच चालला. आमच्या भटक्या टोळीत ग्रोम आला आणि खरं सांगायचं तर आमचं बरं चाललं. पण तो चालायचा कसा ते ऐका. वाड्यात शिरायचं असलं, की व्हर्न खालच्या आवाजात सांगायचा, "ग्रोम बिजागरीला चरबी लावतो. दार उघडताना थोडं वर उचलून धरतो, म्हणजे घासत नाही. पायरीच्या मधोमध पाय ठेवत नाही, भिंतीलगत ठेवतो, तिथे फळी बोलत नाही. किल्ल्या मुठीत. श्वास तोंडाने." बाई फासा टाकायला सांगायच्या, तो टाकायचा, आणि राक्षसांच्या नाकासमोरून तो दीडशे किलोचा गडी निघून जायचा.

"तुला रे हे सगळं कसं ठाऊक?" एकदा मी विचारलं. "घरं फोडायचास की काय?"

ज्यूनेल हसली. व्हर्न हसला नाही. त्याचे कान लाल झाले आणि त्याने मान खाली घालून पेन्सिलला टोक काढलं. ते मी मनात नोंदवून ठेवलं.

आणि मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. खेळात आम्ही मुक्काम टाकला, पांघरुणं घेतली, की व्हर्न दूध गोळा केल्याच्या पावतीच्या पाठीवर काहीतरी लिहायचा, चार घड्या घालायचा आणि बाईंना द्यायचा. बाई वाचायच्या, कधी लाल पेनने खाली काही लिहून परत द्यायच्या, आणि शेवटी चिठ्ठी एका जाड पाकिटात टाकायच्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. दर शनिवारी. एकही चुकला नाही.

खेळात सकाळ झाली की बाई म्हणायच्या, "हॉब, तुझी पिशवी डोक्याखाली होती, ती आता बाजूला आहे." दुसऱ्या शनिवारी, "हॉब, तुझे बूट शेकोटीजवळ आहेत. तू तिथे काढले नव्हतेस." तिसऱ्यांदा, "हॉब, तुझ्या पिशवीत एक पाव जास्त आहे."

"जास्त?" मी म्हणालो. "विष घातलंय त्यात. मी खाणार नाही."

"बरं, नको खाऊस," बाई म्हणाल्या.

"रोली, अरे पाव आहे तो," ज्यूनेल म्हणाली. "कागदावरचा पाव!"

"तुझा गळा कापला नाही ना कुणी, म्हणून सुचतंय तुला," मी म्हणालो. व्हर्न समोरच बसला होता. काहीतरी बोलेल म्हणून मी टक लावून पाहत होतो. त्याने एक चीजचा गोळा उचलला आणि माझ्याकडे वाटी सरकवली. तीसुद्धा न वाजवता.

मी चौकशा केल्या. हो, केल्या, लाज कशाला वाटायला हवी? ज्या गोठ्यांतून तो दूध उचलतो तिथल्या दोघातिघांना मी ओळखतो. ते म्हणाले, एकटा राहतो, बायको दोन वर्षांमागे वारली, भला माणूस आहे. शेजारीण म्हणाली, "कधी घरी येतो, कधी जातो, आम्हाला कळतच नाही." ऐकलंत? शेजारणीला कळत नाही! भला माणूस तर क्लुगही होता. माझी खात्रीच पटली, की कुठेतरी पाणी मुरतंय.

एवढं मात्र कबूल करतो, की व्हर्नला ती लाकडी खुर्ची हवी होती. भिंतीशी चौथी खुर्ची ठेवलेली असते, क्लुगचं नाव खरवडून काढलेली. तो येताना एकदा, जाताना एकदा तिच्या पाठीवर हात ठेवायचा, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. एकदा ज्यूनेलला म्हणाला, "शनिवार सोडला तर मी आठवडाभर बोलत नाही. गाईंशी बोलतो, पण त्या धरायच्या नाहीत." तिने ते मला सांगितलं. मी म्हणालो, माणूस खुर्चीसाठी काय वाट्टेल ते बोलतो.

एप्रिलच्या एका मंगळवारी पिंप बुडालं. शनिवारी आम्ही जमलो. डबा टेबलावर. व्हर्नला बाईंनी वर पुस्तकं लावायला पाठवलं आणि आम्ही एकेकजण डब्याशी गेलो. माझ्या मुठीत काळा होता. मूठ इतकी घट्ट, की तळव्यावर त्याचे कोपरे उमटले. टाकला. टण्ण झालं. मला अगदी हलकं वाटलं, शपथेवर सांगतो.

मग खेळ सुरू झाला. त्या दिवशी आम्ही एका गुहेत अडकलो होतो, बाहेर वादळ, आणि खालच्या भुयारात वीसेक राक्षस झोपलेले. बाईंनी आधीच बजावलं, "इथे कुणी मोठ्याने ओरडलं तर ते उठतील, आणि तुमच्यापैकी एकही वाचणार नाही." आत शिरतानाच्या मारामारीत ग्रोमने आमच्या वाट्याचे तडाखे खाल्ले होते, त्याच्यात थोडाच जीव उरला होता. मुक्काम टाकला. व्हर्नने पावती काढली, लिहायला लागला.

आज मीही चिठ्ठी लिहिली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. 'हॉब आपल्या अंगठ्याला काळा दोरा बांधतो आणि पांघरुणाभोवती फिरवतो. दोऱ्याला हिसका बसला, की डोळे न उघडता हातोडा हाणतो.' घंटा बांधली असती तर राक्षस उठले असते, दोरा मुका. माझ्या डोक्याची मलाच कमाल वाटली.

बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. व्हर्नला लाल पेनने काही लिहून दिलं. त्याने ते वाचलं, बराच वेळ त्या कागदाकडे पाहिलं, मग आणखी एक ओळ लिहून परत दिली. बाईंनी ती वाचली.

"हॉब," त्या म्हणाल्या, "तुझ्या अंगठ्याला हिसका बसलाय."

"सापडला!" मी उभाच राहिलो. "सापडला चोर! हातोडा! पूर्ण ताकदीने!" फासा टाकला. वीस. वीस पडले म्हणजे दुप्पट मार. ज्यूनेलने तोंडावर हात ठेवला.

बाईंनी आकडे मोजले. "व्हर्न, हा मार ग्रोमला पुरा पडतो. पण तो पिसाळला तर अर्धाच लागेल आणि तो जगेल. पिसाळतोय का?"

व्हर्नने विचारलं, "पिसाळायचं तर ओरडावं लागतं ना?"

"हो. आपल्या टेबलाचा तसा नियम आहे."

"मग नको."

"अरे, तो मरेल," ज्यूनेल म्हणाली.

"खाली राक्षस आहेत. हे दोघे झोपलेत." व्हर्नने सोंगाचा कागद हाताने सरळ केला. "ग्रोम भिंतीला धरून हळूच खाली बसतो. पडत नाही. पडलं तर आवाज होईल."

बाईंनी मान हलवली. तळघरात नुसता पाइपातल्या वाफेचा सुसकारा. मी अजून उभाच होतो. जिंकलेल्या माणसाने करायचं काय असतं ते मला सुचेना.

टेबलाची एक रीत आहे, ती माझी नाही, बाईंची: सोंग मेलं की त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. मीच घाई केली. "वाचा, वाचा," मी म्हणालो. "कळू दे सगळ्यांना!" बाईंनी पाकीट उलटं केलं, चष्मा लावला आणि तारखेप्रमाणे वाचायला घेतलं.

'सगळे झोपले की ग्रोम उठतो. दोघांचा श्वास चालू आहे का ते ऐकतो. चालू आहे. परत येऊन झोपतो.'

'श्वास ऐकतो. हॉबची मान पिशवीवर अवघडली आहे. पिशवी काढतो, आपली शाल घडी करून ठेवतो. उठायच्या आत शाल काढून घेईन.'

'हॉबचे बूट ओले आहेत. शेकोटीजवळ ठेवतो.'

'हॉब आज जेवला नाही, रागात होता. माझा पाव त्याच्या पिशवीत.'

'जादूगारीण झोपेत बोलते. काही नाही, ठीक आहे.'

एकवीस चिठ्ठ्या. सगळ्या तशाच. बाई वाचत होत्या आणि मी हळूहळू खाली बसत होतो. शेवटची त्यांनी दोनदा वाचली. वर व्हर्नचं अक्षर: 'श्वास ऐकतो.' खाली बाईंचं लाल: 'हॉबच्या अंगठ्याला दोरा दिसतो, पांघरुणाभोवती फिरवलेला. ओढला गेला तर तो हाणेल असं वाटतं.' आणि त्याखाली पुन्हा व्हर्न: 'त्याला भीती वाटत असेल. पण पांघरूण तोंडावर आलंय, इथून श्वास ऐकू येत नाही. जवळ जावं लागेल.'

कुणीतरी मुस्काटात मारावी तसं झालं मला. खरंच कुणी मारली असती तर बरं वाटलं असतं.

"व्हर्न," ज्यूनेलने विचारलं, "हे कुठून रे सुचलं तुला?"

त्याला सांगायचं नव्हतं असं दिसत होतं. पण त्याने सांगितलं, पेन्सिलीकडे बघत. बायकोचं नाव आर्डेल. नऊ वर्षं अंथरुणाला होती. हाडांचं दुखणं, झोप लागायची मुश्किलीने, आणि एकदा मोडली की मग दिवसभर नुसतं कण्हणं. आणि ह्याला पहाटे तीनला दुधावर निघायचं. "घर लाकडी, जुनं," तो म्हणाला. "मी हा असा. पहिल्या वर्षी रोज उठवायचो तिला. मग शिकलो. कुठली फळी, कुठली पायरी, दार किती उचलायचं. निघताना दाराशी थांबून श्वास ऐकायचो, ऐकू आला की निघायचो."

ज्यूनेलने त्याच्यापुढे कॉफी सरकवली.

"आता घरात ढोल बडवला तरी चालेल," तो म्हणाला. "पाय ऐकत नाहीत."

बाईंनी नाक पुसलं आणि डब्याकडे हात नेला. "राहू दे ना डबा," मी म्हणालो. "आज राहू दे. पुढच्या शनिवारी बघू."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पुस्तकाचं पान फाडलं होतं तेव्हा पाहिलं होतं, तसंच. "पडलेला फासा परत काढायचा नाही, रोली. ओळ कुणाची?"

डबा उलटा झाला. पांढरा. पांढरा. काळा.

व्हर्नने तिन्हीकडे एकदा पाहिलं, मान डोलावली, उठला. सोंगाचा कागद दुमडून खिशात. मग त्याने ती पत्र्याची खुर्ची घडी केली, जी आजवर कुणालाही न वाजवता घडी करता आलेली नाही, आणि भिंतीला टेकवून ठेवली. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. माझं डोकंच फिरलं.

"अरे, आपट ना ती!" मी किंचाळलो. "मी टाकला काळा! मी! शिव्या दे, टेबल उलथं कर, काहीतरी कर! एकदा तरी आवाज कर, माणसा!"

तो जिन्याशी थांबला. "वाचनालय आहे, रोली," तो म्हणाला, आणि भिंतीलगत पाय ठेवत वर निघून गेला.

ज्यूनेल माझ्याशी तो पूर्ण आठवडा बोलली नाही, आणि ती न बोलणारी बाई नाही. मी घरी बसून नियमांचा कागद वाचत होतो. जोवर तो टाकणारा आपल्या खुर्चीवर बसतोय तोवर. माझीच भानगड, माझ्याच भाषेत. म्हणजे मी खुर्ची सोडली, की काळा फासा गळाला. बुधवारी मी वाचनालयात गेलो, माझी खुर्ची उचलली, घरी आणून सुरीने माझं नाव खरवडलं. एकोणीस वर्षांचा रंग, निघता निघत नव्हता. त्यावर व्हर्नचं नाव घातलं. अक्षर माझं वाईट आहे, शेवटचं अक्षर तिरकं गेलं. मग ती गाडीत टाकून त्याच्या घरी नेली. दार वाजवलं, दणदण वाजवलं. कुणी नाही. ओसरीवर खुर्ची ठेवली आणि तिच्यावर दुधाच्या पावतीएवढ्या कागदावर लिहिलं: 'तुझी आहे. मी उठलोय. रोली.' आणखी लिहिणार होतो, पण मला ते जमत नाही.

शनिवारी मी पत्र्याच्या खुर्चीवर बसलो. ती उघडताना अशी कडाडली, की वरून कुणीतरी पाय आपटून गप्प बसायला सांगितलं. बाईंनी नव्या सोंगाचा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. नवा माणूस म्हणजे नवं सोंग, हॉबला सुट्टी. व्हर्न आला नाही. पुढच्या शनिवारी आला नाही. तिसऱ्या शनिवारीही दोन वाजून गेले. मी जिन्याकडे पाठ करून बसायचो, कारण तिकडे तोंड करून बसलं की सारखं वर बघणं होतं. कान मात्र तिकडेच. आणि कानांचा उपयोग काय? तो येऊन माझ्यामागे उभा असेल तरी मला कळणार नव्हतं.

"ह्याआधी काय करत होतं तुझं सोंग?" बाईंनी विचारलं.

"लोकांचे गळे कोण कापतंय ते बघत बसायचं," मी म्हणालो. "मूर्ख होतं."

तेवढ्यात धाड झालं.

मी उडालोच. पुन्हा धाड. जिन्याच्या वरच्या पायरीवर काहीतरी आपटत होतं, लाकडावर लाकूड. धाड, आणि करकर, धाड, आणि करकर, अकराच्या अकरा पायऱ्या, प्रत्येकीच्या अगदी मधोमध. वर कुणीतरी 'शूऽऽ' करत होतं, आणि ज्यांनी आयुष्यभर ते केलं त्या आर्लिसबाई खाली बसून हसत होत्या. कॉफी माझ्या मांडीवर सांडली होती, त्याच जागी.

व्हर्न खुर्ची ओढत टेबलापाशी आला, फरशीवरून तिचे पाय खरडवत, दात आंबतील असा आवाज करत. माझ्या शेजारी ती दाणकन ठेवली. बसला. घामाघूम झाला होता, वजनाने नाही. त्या खुर्चीचं त्याला काय वजन!

"जागा झालास का रे?" त्याने मला विचारलं.

मी मान हलवली. त्याने चीजची वाटी माझ्यापुढे आपटली. मग खिशातून एक कोरी पावती काढली, तिच्यावर काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि बाईंना दिली. पुढच्या एप्रिलात डब्यात त्याचाही फासा पडणार आहे, माझ्या नावाने. चिठ्ठीत काय आहे ते मी विचारलं नाही.